विश्लेषण : प्रेसमडपासून गॅस, पण मधल्या ‘पडद्या’चे काय? बारामती-इंदापूरच्या ऊस उत्पादकांनी कोणते प्रश्न विचारायला हवेत?

गाळप हंगाम सुरू झाला की बारामती आणि इंदापूर तालुक्यांत चर्चा असते ती पहिली उचल किती, तोडणी कधी आणि टोळी मिळाली का, याची. कारखान्याच्या मागच्या बाजूला ढीग लागणाऱ्या काळपट, ओलसर प्रेसमडबद्दल सहसा कुणी बोलत नाही. आता मात्र बोलावे लागणार आहे. या प्रेसमडपासून कॉम्प्रेस्ड बायोगॅस म्हणजेच सीबीजी तयार होतो. सीएनजी आणि घरगुती पाइप गॅसमध्ये तो ठरावीक प्रमाणात मिसळणे केंद्राने २०२५-२६ पासून बंधनकारक करण्याचे ठरवले. सुरुवात १ टक्क्याने, पुढे ३ आणि ४ टक्के आणि २०२८-२९ पासून ५ टक्के, असा हा चढता आलेख आहे. म्हणजे गिऱ्हाईक ठरलेले आहे. प्रश्न आहे तो माल शुद्ध कसा करायचा आणि त्या शुद्धीकरणातला पैसा कुणाच्या पदरात पडणार, हा.

प्रेसमड म्हणजे नेमके काय?

उसाचा रस गाळून, चुना आणि गंधकाचा वायू वापरून स्वच्छ केला जातो. त्यात खाली बसणारा गाळ फिल्टरवर वेगळा काढतात, तो प्रेसमड. साधारण १०० टन उसामागे ३ ते ४ टन प्रेसमड निघतो. ग्रामीण भागात त्यालाही ‘मळी’च म्हणतात. मात्र इथेनॉलच्या बातम्यांत येणारी मळी म्हणजे मोलॅसिस, ती वेगळी. आजवर प्रेसमडचा मुख्य उपयोग खत म्हणून होता. डिस्टिलरी असलेले अनेक कारखाने त्यावर स्पेंटवॉश फवारून बायोकंपोस्टही करत आले आहेत.

बारामती तालुक्यात माळेगाव आणि सोमेश्वर, इंदापूर तालुक्यात भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा, शिवाय शेटफळगढे येथील बारामती ॲग्रो. दोनच तालुक्यांत एवढे कारखाने म्हटल्यावर प्रेसमडही तेवढाच. जोडीला दोन्ही तालुक्यांत दुधाचा मोठा व्यवसाय आहे, म्हणजे गोठ्यांतले शेणही आहे. बायोगॅससाठी लागणारा कच्चा माल बाहेरून आणण्याची गरज नाही, असे पट्टे राज्यात मोजकेच आहेत.

मग हा गॅस थेट वाहनात का भरता येत नाही?

कारण टाकीतून निघणारा बायोगॅस म्हणजे निव्वळ इंधन नव्हे. त्यात ढोबळमानाने ६० टक्के मिथेन असतो. उरलेल्यातला बहुतांश कार्बन डायऑक्साइड, थोडी वाफ आणि कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड. मिथेन जळतो, कार्बन डायऑक्साइड जळत तर नाहीच, उलट सिलिंडरमधली जागा अडवतो. हायड्रोजन सल्फाइड इंजिन आणि पाइप खातो. म्हणून भारतीय मानक आयएस १६०८७ नुसार सीबीजीमध्ये मिथेन किमान ९० टक्के असावा लागतो आणि कार्बन डायऑक्साइड ४ टक्क्यांच्या आत.

टाकीतला गॅस आणि पंपावरचा गॅस यांच्यामध्ये म्हणूनच एक शुद्धीकरण यंत्रणा लागते. तीन पद्धती प्रामुख्याने वापरल्या जातात. पहिलीत गॅस दाबाखाली पाण्यातून काढतात. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो. दुसरीत विशिष्ट दाणेदार पदार्थ दाबाखाली कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो आणि दाब कमी केला की सोडतो. तिसरी पद्धत पॉलिमरच्या मेम्ब्रेनची, म्हणजे प्लास्टिकच्या अतिपातळ पडद्याची.

मेम्ब्रेन म्हणजे आरओतली गाळणीच का?

नाव तेच, पण काम वेगळे. हा पडदा म्हणजे चाळण नव्हे. त्याला आरपार भोके नसतात. वायू आधी पडद्याच्या प्लास्टिकमध्ये विरघळतो, मग त्यातून सरकत पलीकडे जातो. घरात याची उदाहरणे रोज दिसतात. हिंगाची प्लास्टिकची पुडी घट्ट बंद असली तरी डब्यात वास पसरतो. काचेच्या बाटलीतला सोडा टिकतो, पण प्लास्टिकच्या बाटलीतला काही महिन्यांत मिळमिळीत होतो, कारण कार्बन डायऑक्साइड त्या प्लास्टिकमधून हळूहळू निघून जातो.

रबराचे फुगे वेगवेगळ्या वायूंनी भरले तर ते वेगवेगळ्या वेगाने आक्रसतात, हे अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या जॉन मिचेल यांनी १८३१ मध्ये नोंदवले होते. त्यामागचे विरघळण्याचे आणि सरकण्याचे तत्त्व स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी १८६६ मध्ये मांडले. बायोगॅसच्या मेम्ब्रेनमध्ये हेच तत्त्व वापरले जाते. केसासारख्या पोकळ धाग्यांचे हजारो झुबके एका नळकांड्यात बसवतात. दाबाखालचा बायोगॅस आत सोडला की कार्बन डायऑक्साइड धाग्याच्या भिंतीतून चटकन बाहेर पडतो. मिथेनचा रेणू थोडा मोठा आणि प्लास्टिकमध्ये कमी विरघळणारा, त्यामुळे तो मागे राहतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला मिळतो तो सीबीजी.

पाण्याच्या पद्धतीत पाणी फिरवावे लागते, बदलावे लागते. नीरा डाव्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला आणि बारामतीच्या जिरायती पट्ट्यात पाण्याच्या एकेका आवर्तनावरून काय होते, हे सांगायला नको. मेम्ब्रेनला पाणी लागत नाही, जागा कमी लागते आणि संयंत्र लहान-मोठे करणे सोपे जाते. त्यामुळे या भागासाठी तिचा विचार होणे स्वाभाविक आहे.

यात हायड्रोजन कुठून आला?

वायू वेगळे करणाऱ्या मेम्ब्रेनचा पहिला मोठा औद्योगिक वापर हायड्रोजनसाठीच झाला. अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीने १९८० च्या सुमारास अमोनिया कारखान्यांत वाया जाणारा हायड्रोजन परत मिळवण्यासाठी पोकळ धाग्यांची मेम्ब्रेन बाजारात आणली. हायड्रोजन आणि नायट्रोजन वेगळे करणे त्या मानाने सोपे होते. हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे करणे मात्र अवघड आहे, आणि भविष्यात ऊस पट्ट्याला गरज याचीच पडणार आहे.

बायोगॅसमधल्या मिथेनवर तापलेल्या वाफेची प्रक्रिया केली तर हायड्रोजन मिळतो. हिशेबाने १ टन मिथेनपासून जास्तीत जास्त अर्धा टन हायड्रोजन मिळू शकतो आणि सोबत पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सेंटिएंट लॅब्ज या कंपनीबरोबर शेतातील काडीकचऱ्यापासून हायड्रोजन तयार करण्याच्या तंत्रावर काम केले आहे. सेंद्रिय पदार्थांपासून हायड्रोजन काढायचा म्हटले की कार्बन डायऑक्साइड सोबत येतोच. तो वेगळा केल्याशिवाय हायड्रोजन विकता येत नाही.

अडचण अशी, की हायड्रोजनचा रेणू लहान, त्यामुळे तो पडद्यातून वेगाने सरकतो. कार्बन डायऑक्साइडचा रेणू मोठा, पण तो प्लास्टिकमध्ये जास्त विरघळतो. एकाला चपळाई, दुसऱ्याला दारातच प्रवेश. परिणामी दोघेही पलीकडे जातात आणि वेगळेपणा राहत नाही. या आकारांमधला फरक किती? हायड्रोजन सुमारे २.८९ अँगस्ट्रॉम, कार्बन डायऑक्साइड ३.३ आणि मिथेन ३.८. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका मिलिमीटरचा एक कोटीवा भाग.

यावर दोन मार्ग शोधले गेले. एक म्हणजे पॉलिबेन्झिमिडाझोलसारखे कडक, उष्णता सोसणारे पॉलिमर. तापमान २०० अंशांच्या पुढे नेले की कार्बन डायऑक्साइडचे विरघळणे घटते आणि हायड्रोजन पुढे निघतो. दुसरा मार्ग उलटा : कार्बन डायऑक्साइडला आवडणारे मऊ, रबरासारखे पॉलिमर वापरायचे. मग कार्बन डायऑक्साइड पलीकडे जातो आणि हायड्रोजन आहे त्या दाबावर अलीकडेच राहतो. तो पुन्हा दाबण्याची वीज वाचते. मात्र ‘जास्त वायू सोडणारा पडदा कमी निवडक असतो’ ही मर्यादा दोन्हींना आहे. लॉइड रोबसन यांनी १९९१ मध्ये ती आलेखावर मांडली आणि २००८ मध्ये सुधारली. त्या रेषेच्या पुढे जाण्यासाठी जगभर धडपड सुरू आहे.

थोडक्यात, आज बायोगॅससाठी मेम्ब्रेन हे बाजारात मिळणारे तंत्र आहे. हायड्रोजनसाठीचे तंत्र अजून पिकायचे आहे. कुणी हायड्रोजनच्या नावाने सभासदांसमोर मोठी स्वप्ने मांडत असेल, तर हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

पैशांचे गणित कसे?

रोज ५ हजार टन गाळप करणारा आणि १५० दिवस चालणारा एक काल्पनिक कारखाना घेऊ. हंगामात साडेसात लाख टन ऊस. ४ टक्के धरला तर ३० हजार टन प्रेसमड. सुमारे २५ टन प्रेसमडपासून १ टन सीबीजी, या सर्वसाधारण प्रमाणाने १२०० टन सीबीजी. केंद्राने १ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘सतत’ योजना सुरू केली तेव्हाचा किलोला ४६ रुपये हा दर धरला तरी विक्री साडेपाच कोटींच्या घरात जाते. त्यातून भांडवल, व्याज, वीज, देखभाल सगळे वजा करायचे आहे, हेही तितकेच खरे.

‘सतत’ योजनेचे लक्ष्य देशभरात ५ हजार प्रकल्पांचे होते. ठरलेल्या मुदतीत त्याच्या जवळपासही पोहोचता आले नाही. कच्चा माल हंगामी, साठवलेला प्रेसमड उघड्यावर कुजून त्यातला गॅस आधीच निघून जातो, बँका कर्ज देताना हात आखडतात आणि उरलेली स्लरी खपत नाही, अशी कारणे त्यामागे आहेत. म्हणजे प्रकल्प उभा केला की पैसे सुरू, असे नाही. नेमक्या याच ठिकाणी मेम्ब्रेनचा तपशील महत्त्वाचा ठरतो.

एक-दोन टक्के मिथेन निसटला तर काय बिघडते?

कार्बन डायऑक्साइडबरोबर थोडा मिथेनही पडद्यातून जातो. एकाच टप्प्यात काम उरकले तर तो बराच जातो. दोन-तीन टप्प्यांची मांडणी केली आणि निसटलेला वायू पुन्हा फिरवला तर ९९ टक्क्यांहून अधिक मिथेन हाती लागतो, असे मेम्ब्रेन बनवणाऱ्या कंपन्या सांगतात. पण त्यासाठी जास्त मेम्ब्रेन आणि जास्त वीज लागते. स्वस्तातल्या निविदेत नेमका हाच टप्पा गाळला जाण्याचा धोका असतो.

वरच्या उदाहरणात ५ टक्के मिथेन निसटला तर ६० टन गॅस, म्हणजे ४६ रुपयांच्या दराने हंगामाला २७ लाख ६० हजार रुपये हवेत गेले. नुकसान पैशांपुरते नाही. १०० वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७ पटींहून अधिक तापमानवाढ करतो आणि २० वर्षांच्या हिशेबात सुमारे ८० पट. ‘हरित’ पाटी लावलेल्या प्रकल्पाच्या चिमणीतून मिथेन जात असेल, तर त्या पाटीला अर्थ राहत नाही.

यात स्थानिक हवामानाचाही भाग आहे. तापमान वाढले की पडद्यातून वायू जास्त जातो, पण निवडकपणा घटतो, म्हणजे मिथेनही जास्त निसटतो. बारामती-इंदापुरात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि साठवलेल्या प्रेसमडवर प्रकल्प चालतो तो नेमका त्याच महिन्यांत. शिवाय कार्बन डायऑक्साइडमुळे प्लास्टिक फुगून सैल पडते, तर हायड्रोजन सल्फाइड, ओलावा आणि कॉम्प्रेसरमधले तेल मेम्ब्रेनचे आयुष्य कमी करते. गॅस आधी नीट धुऊन, वाळवून, गार करूनच पडद्यापर्यंत न्यावा लागतो. युरोपातल्या थंड हवेत दाखवलेले आकडे इथे जसेच्या तसे मिळतील, असे गृहीत धरणे म्हणूनच धोक्याचे आहे.

शेतकऱ्याचा वाटा कुठे आहे?

हा या विषयातला कळीचा प्रश्न. रंगराजन समितीच्या सूत्रानुसार साखर आणि पहिल्या टप्प्यातील उपपदार्थ, म्हणजे बगॅस, मोलॅसिस आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा ऊस उत्पादकाचा असतो. महाराष्ट्राने २०१३ च्या ऊस दर विनियमन कायद्यात हे सूत्र आणले. पण हिशेबात धरला जातो तो प्रेसमड. त्यापासून पुढे तयार होणारा सीबीजी या पहिल्या टप्प्यात येत नाही.

मग सीबीजी प्रकल्प वेगळ्या कंपनीच्या नावावर असेल आणि कारखान्याने तिला प्रेसमड नाममात्र दराने दिला, तर? वरच्याच उदाहरणात प्रेसमडचा दर टनाला २०० रुपये दाखवला तर ६० लाख होतात; शेतकऱ्यांचा ७० टक्के वाटा ४२ लाख. दर ८०० रुपये दाखवला तर २ कोटी ४० लाख. वाटा १ कोटी ६८ लाख. फरक सव्वा कोटीहून जास्त. उसाच्या टनामागे पाहिले तर तो सुमारे १७ रुपये आहे. दोन एकरांत ८० टन ऊस काढणाऱ्याला साधारण साडेतेराशे रुपये, आणि तेही महसुली सूत्राने निघणारा दर एफआरपीपेक्षा जास्त असेल तरच.

रक्कम डोळे दिपवणारी नाही. पण इथेनॉलच्या बाबतीत मोलॅसिस किती दराने डिस्टिलरीला दिले, हा वाद ऊस पट्ट्याने अनेकदा पाहिला आहे. वाद झाल्यावर कागद मागण्यापेक्षा करार होण्याआधी दर विचारणे सोपे असते. सहकारी कारखान्यात तर तो सभासदाचा हक्कच आहे. खासगी कारखान्यांनीही हा दर जाहीर करावा, अशी सक्ती करण्यास हरकत नसावी.

आणि खताचे काय?

गॅस तयार होताना प्रेसमडमधला मुख्यतः कार्बन जातो. नत्र, स्फुरद, पालाश बहुतांश स्लरीत राहतात. म्हणजे गॅस काढल्यावर उरते ते टाकाऊ नव्हे. कालव्याखालच्या जमिनी वर्षानुवर्षे उसाला भरमसाट पाणी आणि रासायनिक खत देऊन थकल्या आहेत. काही ठिकाणी त्या क्षारपड झाल्या आहेत. या जमिनींना सेंद्रिय खताची गरज कारखान्याच्या ताळेबंदापेक्षा मोठी आहे.

आजवर शेतकरी कारखान्यावरून ट्रॉली भरून प्रेसमड नेत होता. उद्या तो प्रकल्पाचा कच्चा माल झाला की ट्रॉली थांबेल. त्याच्या बदल्यात वाळवलेले, तपासलेले खत त्याच शेतकऱ्याला आणि परवडणाऱ्या दरात मिळाले पाहिजे. केंद्राने २०२३ मध्ये अशा प्रकल्पांतील सेंद्रिय खताच्या विक्रीसाठी टनाला १५०० रुपये अर्थसाह्य मंजूर केले आहे. ते खत कंपनीच्या गोणीत भरून परत शेतकऱ्यालाच चढ्या दराने विकले गेले, तर जमिनीची माती एकाची आणि मलई दुसऱ्याची, असे होईल.

मेम्ब्रेन आपल्याकडे का बनत नाही?

बायोगॅससाठीच्या पॉलिमाइड धाग्यांच्या मेम्ब्रेनचा व्यवसाय मोजक्या परदेशी कंपन्यांच्या हातात आहे. जर्मनीच्या इव्हॉनिकचे उत्पादन ऑस्ट्रियात होते, तर जपानची यूबीई हीदेखील या क्षेत्रातली जुनी कंपनी. मेम्ब्रेन काही वर्षांनी बदलावे लागते. म्हणजे प्रेसमड इथला, शेण इथले, गिऱ्हाईक इथले आणि ज्याच्यावर सगळे अडते तो पडदा परदेशातला.

प्रत्यक्षात या विषयातले ज्ञान बारामतीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. पुण्यातील पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिमर मेम्ब्रेनवर अनेक वर्षे संशोधन सुरू आहे. करोनाकाळात हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण वाढवणारे मेम्ब्रेन-यंत्र तिथल्याच संशोधनातून पुढे आले होते. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग करून देशाचे लक्ष वेधले. या तिन्ही ठिकाणची माणसे आणि एखादा कारखाना यांनी एकत्र येऊन इथल्याच प्रेसमडच्या गॅसवर, इथल्याच उन्हाळ्यात, देशी मेम्ब्रेनची वर्षभर चाचणी घेण्यात तांत्रिक अडचण कोणतीच नाही. अडचण आहे ती चाचणी अपयशी ठरली तर खर्च कुणी सोसायचा, एवढीच. तो भार सरकारने उचलायला हवा. तयार प्रकल्पांना अनुदान देण्याइतकेच हे काम महत्त्वाचे आहे आणि त्या मानाने स्वस्त.

मग काय व्हायला हवे?

प्रकल्पाला विरोध करण्याचे कारण नाही. उघड्यावर कुजणारा प्रेसमड तसाही मिथेन हवेत सोडतोच. तो टाकीत पकडणे केव्हाही चांगले. पण पुढच्या वार्षिक सभेत सीबीजीचा ठराव आला, तर ‘मंजूर, मंजूर’ म्हणण्याआधी चार गोष्टी विचारल्या गेल्या पाहिजेत. मिथेन किती टक्के निसटेल आणि तो आकडा चाळीस अंश तापमानाला करारात लिहून दिला आहे का? प्रेसमड प्रकल्पाला कोणत्या दराने जाणार आणि तो वार्षिक अहवालात छापला जाणार का? खत सभासदाला कोणत्या भावाने परत मिळणार? आणि मेम्ब्रेन बदलण्याचा खर्च कुणाच्या खात्यावर पडणार?

पडदा केसाएवढ्या धाग्याचा असला तरी त्याच्या अलीकडे काय राहते आणि पलीकडे काय जाते, यावर सगळा हिशेब ठरतो. कार्बन डायऑक्साइड पलीकडे जावा यासाठी अभियंते आहेत. शेतकऱ्याचा वाटा अलीकडे राहावा यासाठी मात्र सभासदालाच उभे राहून विचारावे लागेल.